कपाटाला टेकवलेली गिटार

माझ्या धाकट्या भावाला लोकांनी स्टेजवर वाजवताना पाहिलंय. मी त्याला घरात वाजवताना ऐकलंय, आणि ऐकून ऐकून माझा जो जळफळाट झाला तो या वयातही पुरता शमलेला नाही. म्हणून म्हटलं, लिहून टाकावं.

गिरण्यांचा संप लागला तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. काही महिने वाट बघून ते गावी शेतीला गेले. मी साड्यांना फॉल लावायची कामं घेतली. आणि भावाने काय आणलं, तर बेस गिटार. दादरच्या त्याच्या एका ख्रिश्चन मित्राचं बिऱ्हाड आखातात निघालं होतं, त्याने जाता जाता दिली. चार तारा, कपडे वाळत घालायच्या दोरीएवढ्या जाड. ही वाजते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, थांबली की मात्र गाणं लंगडायला लागतं.

तिला विजेवर चालणारी आवाजाची पेटी लागते. ती आमच्याकडे कुठली असायला? मग तो गिटारचं टोक लाकडी कपाटाला टेकवायचा, की सगळं कपाट घुमायचं. एका सुराला तर फळीवरचे पेले थरथरायचे. एकदा शेजारच्या काकी दारात येऊन आईला म्हणाल्या, "काय गो, संप मिटलो काय? तुमच्याकडे गिरण चालू झाल्यासारखी वाटता." त्या दिवसांत आम्ही फारसे हसत नव्हतो, पण तेव्हा आईसुद्धा हसली.

तो बँडच्या तालमीवरून आला की आईचं एकच, "तेका आधी वाढ गो, दमान इलोहा." दिवसभर मान मोडून मी बसलेली, आणि दमून आला तो. नुसतं तेवढंच असतं तर गिळलं असतं हो. पण मलाही ती गिटार वाजवायची होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

पहिला बँड नायगावच्या पोरांचा. ब्लूज वाजवायचे. म्हणजे काय ते मला कोण सांगणार? मी आपली तांदूळ निवडता निवडता अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची, चार ठोक्यांना एक पेर. एका हाताची बारा पेरं झाली की गाण्याचा एक फेरा पुरा, पुन्हा करंगळीपासून सुरू. पाचव्या पेराला तो पुढच्या तारेवर जायचा, सातव्याला परत यायचा. एवढं कळल्यावर दुपारी घर रिकामं असलं की मी गिटार मांडीवर घ्यायची. सुई टोचून टोचून बोटं आधीच राठ झालेली, त्यामुळे तारांनी मला फोड आले नाहीत. त्याला आले होते.

पुढे तो परळच्या रॉक बँडमध्ये गेला. तिथली गाणी त्याने कपाटावर घोटली, मीही घोटली. कॉलेजांच्या गॅदरिंगमधले दिवे, ओरडणारी पोरं, सगळं जेवताना रंगवून सांगायचा. मी हं हं करायची आणि नंतर फॉल लावताना दोरा तुटेस्तोवर ओढायची.

मग कुलाब्याच्या एका हॉटेलातल्या बँडने त्याला बोलावलं. तिथे त्याला चांगली गिटार मिळणार होती. दुपारी जेवताना म्हणाला, जुनी ड्रमवाल्याच्या चुलतभावाला देतो, परळला माझ्या जागी तो उभा राहील. त्याला अजून सूर लावता येत नाहीत, पण शिकेल.

मी हातातली पळी ठेवली. "ती मला दे."

"तू काय करणार ताई? तारांवर साड्या वाळत घालणार?"

मी उठले, हात पुसले, गिटार कपाटाला टेकवली आणि ब्लूजचा एक फेरा वाजवला. शेवटच्या दोन पेरांत मी माझा एक तुकडा घालायची, उतरत उतरत परत घरी येणारा. तो घातला. त्याचं चावणं थांबलं.

"हे शेवटचं कुठून आणलंस?"

"सुचलं."

उष्ट्या हाताने त्याने गिटार ओढून घेतली, तुकडा वाजवून पाहिला. जमला नाही. पुन्हा पाहिला. सूर बरोबर, पण झोका येईना. भात निवतोय म्हणून आई ओरडत होती, त्याला ऐकूही गेलं नाही. त्याचं तोंड तेव्हा जसं झालं होतं, ते मी चांगलं ओळखलं. इतकी वर्षं ते माझंच होतं.

"राहू दे तुझ्याकडे," एवढंच म्हणाला. परळच्या तालमीला चल, असं काही म्हणाला नाही. तरी तो नेईल म्हणून मी दोन-तीन रविवार साडी नेसून, वेणी घालून बसले. तिथे ड्रमवाल्याचा चुलतभाऊच उभा राहिला, कुणाची तरी गिटार मागून आणून.

पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली. एकदा दादरला भावाच्या बँडचा कार्यक्रम होता, यजमानांबरोबर गेले होते. मधल्या एका गाण्यात फेऱ्याच्या शेवटी त्याने माझा तुकडा वाजवला. लोक गाणाऱ्याकडे बघत होते, कुणाला काय कळणार? यजमानांनी विचारलं, डोळ्यांत पाणी का आलं. भावाचं कौतुक वाटलं, म्हटलं. त्यांना ते पटलं.

कौतुक होतंच. पण तो तुकडा त्याच्या हातात माझ्यापेक्षा चांगला वाजत होता, आणि तेच मला सहन झालं नाही.