सोमाचा वीर

जव्हारच्या बाजारात माझ्यासमोर बसली की जिवलीबाय आधी सुनेचं मनगट स्वतःच्या मुठीत धरायची आणि मगच ते माझ्या हातात द्यायची. "घट्ट भर, मनेरदादा. सोमा येस्तवर टिकल्या पायजेत." बांगड्या भरण्याचा धंदा आमचा बापापासूनचा. सासवा मी ढिगानं पाहिल्या. सगळ्या रंगावरून हुज्जत घालतात. सुनेचा हात असा सोपवणारी ही एकच. आता तीही नाही.

ती साखरशेतची. नवरा लवकर वारला, त्यामुळे तिचे स्वतःचे हात रिकामेच. एकुलता एक मुलगा सोमा. मोठी लढाई लागली, चावडीवर दवंडी पिटली, आणि त्यांच्या पाड्यावरचे दोघे भरती झाले, सोमा आणि त्याचा चुलतभाऊ देवजी. सून पवळी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती.

"बसरा कुठं हाय रं?" सोमाची पलटण तिकडे निघाली तेव्हा जिवलीबायनं मला विचारलं. मी मुसलमान, म्हणजे मला ठाऊक असणारच. "तुमच्या देवाच्या वाटंवर हाय ना?" मी कसला बसरा पाहतोय! जव्हारचा घाट उतरलो तरी माझे पाय भरून येतात. पण घरात खजूर होता, तो दिला आणि सांगितलं, तिकडे हा पिकतो. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. "आवो, ही तं आपली शिंदीच! मंग पोऱ्याला परकं नाय वाटायचं." अर्धा खाल्ला, अर्धा पवळीला दिला.

लढाई संपली. देवजी आला. सोमाला तापात दवाखान्याच्या तंबूत नेलं, पुढे तो दिसला नाही, एवढंच त्याला माहीत. दरबाराकडूनही तेवढंच कळलं: गेला असावा. "आसावा म्हंजे?" जिवलीबायनं कारकुनाला विचारलं. "पाऊस आसावा म्हनून कोन भात लावतो का?"

त्यांच्या पाड्यावरची रीत अशी की माणूस परमुलखात मेला आणि अंग हाती आलं नाही, तर त्याच्या नावाचा वीर बसवायचा. सागाची फळी, तिच्यावर कोरलेला घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य. आईनं नाव घेऊन तांदूळ टाकले की वीर बसला. तोवर त्याची बायको सुवासिनीच, तिला दुसरं घर करता येत नाही. पंच बोलवायला आले की म्हातारी एकच म्हणायची, "माझ्या तोंडानं माझा पोऱ्या मारू?"

सूर्यमाळचा एक बायको वारलेला माणूस पवळीला मागत होता. भला होता. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, तरी थांबून होता. एकदा सासू पाणी प्यायला उठली तेव्हा पवळी हळूच बोलली, "दादा, मी ना हिकडची ना तिकडची. मला जायचं हाय. पर बायला कसं सांगू?" मी टोपली आवरत बसलो.

त्याच वर्षी जिवलीबाय म्हणाली, "लग्नात भरल्या त्याच मापाच्या दे."

"बसायच्या नाहीत, बाय."

"बसतील. हात तोच हाय."

मी हात दाबून, चोळून पाहिला. बांगडी चढवताना फुटली आणि काच रुतून रक्त आलं. आमच्या धंद्यात फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मी काच उपसून काढली. जिवलीबायनं तो हात ओढून घेतला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. घट्टेच घट्टे होते. "हिचा हात कंदी येवढा झाला रं?"

"मुसळ, कुऱ्हाड, पाण्याचे हंडे. तुझ्याच घरात झाला," मी म्हणालो.

ती उठली आणि बांगड्या न भरताच सुनेला घेऊन निघून गेली.

भात झोडून झाल्यावर देवजी निरोप घेऊन आला: वीर बसवतोय, मोठ्या मापाच्या बांगड्या घेऊन ये. मी गेलो. ऐनाच्या झाडाखाली फळी उभी होती. जिवलीबायनं सोमाचं नाव घेतलं आणि तांदूळ टाकले. रडली नाही. पवळीच्या जुन्या बांगड्या तिनं एकेक करून, एकही न फोडता उतरवल्या आणि वीरासमोर ठेवल्या. सूर्यमाळची माणसं बाजूला उभी होती. मग तिनं पवळीचं मनगट मुठीत धरलं आणि नेहमीसारखं माझ्या हातात दिलं. "सैल भर आता. कामाचा हात हाय."

पवळी गेली. माणसं पांगली. मी टोपली बांधत होतो. जिवलीबाय फळीपाशी उकिडवी बसली आणि घरात बोलावं तशी बोलू लागली.

"पोऱ्या, तिच्यासाठी तुला मेला म्हनलं. तू मनाला लावून घेऊ नको. आलास तं सूर्यमाळला जाऊ नको. सरळ माझ्याकडं ये."