भरल्या टाकीचा बंब

आमचा जुना आगीचा बंब भंगारात काढायचं ठरलं, तेव्हा यादीत कारकुनाने त्याच्यापुढे ‘निकामी’ असं लिहिलं. मी त्या बंबाचा चौदा वर्षं ड्रायव्हर होतो. डोंबिवलीत केमिकल कंपन्यांच्या कितीतरी आगी त्याने विझवल्या होत्या, आणि हा खुर्चीत बसून म्हणतो निकामी! लिलावात वजनावर घेणारा भंगारवाला क्रेन पाठवणार होता. मी साहेबांना ठणकावून सांगितलं, “क्रेन कशाला? स्वतःच्या चाकांवर जाईल तो.”

सकाळी बंब धुतला, पुसला आणि मोहने गावात भंगारवाल्याच्या गोदामापर्यंत चालवत नेला. वाटेत एकदाही बंद पडला नाही.

वजनकाट्यावर उभा केला, तर भंगारवाला ओरडलाच. “काका, एवढं वजन कसं? टाकीत पाणी भरून आणलं का?”

आणलं होतं. सकाळी मीच भरलं होतं, नेहमीसारखं. आमच्याकडे बंब रिकाम्या टाकीने उभा राहत नाही. आगीवरून परतलो की आधी त्याचं पाणी, मग आमचा चहा.

“लबाडी नाही रे,” मी म्हटलं, “ड्युटी आहे.”

मग मी पंप चालू केला. पाण्याची धार गोदामाच्या भिंतीवरून पार पलीकडे गेली. गोदामातली माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. त्या कारकुनाने बघायला हवं होतं.

टाकी रिकामी झाली. मी पंप बंद केला, हात पुसले आणि काही विचार न करता भंगारवाल्याला विचारलं, “टाकी भरायला नळ कुठाय?”