वहिनींचे तीन दिवस

सुलेखावहिनींना पोटभर हसताना मी एकदाच पाहिलं, आणि त्या दिवसाचा मला अजून राग येतो. म्हणजे माझाच.

१९६३ साल. जर्मनीत आखनच्या एकाच इन्स्टिट्यूटमध्ये आत्माराम आणि मी डॉक्टरेटच्या मागे लागलो होतो. मी सडाफटिंग, तो बायको आणि दोन मुलं घेऊन आलेला. वहिनी मिरजेच्या. जर्मन येत नसलं म्हणून अडलं नाही. बटाटेवालीशी त्या बेधडक मराठीत बोलायच्या आणि हवे तेच बटाटे निवडून घ्यायच्या. पण हिवाळाभर दोन खोल्यांत धाकट्या दिनूला घेऊन कोंडल्यासारख्या होत्या. तक्रार कसली ती नाही. दर आठवड्याला आईला पत्र लिहायचं, एवढाच त्यांचा विरंगुळा.

सात वर्षांच्या उल्काला शाळेत रोमन लोक शिकवले आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी सहलीच्या बसनं ट्रिअरला रोमन अवशेष पाहायला जायचं ठरलं. मलाही धरलं. वहिनींनी पहाटे उठून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली, ठेवणीतली साडी नेसल्या.

बसपाशी आत्मारामनं मला बाजूला घेतलं आणि कोटाच्या खिशातून तार काढली. आदल्या दिवशी इन्स्टिट्यूटच्या पत्त्यावर आली होती. वहिनींची आई शुक्रवारी पहाटे गेली होती.

"वहिनींना सांगितलं नाहीस?"

"काल धीर झाला नाही. आता सांगू का? तूच सांग, श्रीरंग."

मी खिडकीकडे पाहिलं. वहिनी दिनूचं नाक पुसत होत्या आणि त्याला बाहेरचं काहीतरी दाखवत होत्या. मी म्हटलं, "आज राहू दे. सांगून काय त्या मिरजेला पोचणार आहेत? एक दिवस तरी मोकळा मिळू दे." मोठा शहाणा लागून गेलो होतो मी.

ट्रिअरला रोमन सम्राटांच्या स्नानगृहाच्या उंचच उंच भिंती उभ्या आहेत, आणि खाली भुयारंच भुयारं. मुलं आत शिरली, वहिनी पदर खोचून त्यांच्यामागे. "उल्का, हळू," असं त्या म्हणायच्या, आणि जर्मनमधलं "या, या", म्हणजे हो हो, करत पोर पुढे पळायची. गाइड काय सांगतो ते आत्माराम मराठीत सांगत होता. एवढं अवाढव्य बांधलं, पण स्नानगृह म्हणून ते कधी पुरं झालंच नाही.

"म्हणजे एवढा खटाटोप, आणि अंघोळ कुणाचीच नाही?"

असं म्हणून वहिनी हसत सुटल्या. आई हसते म्हणून मुलंही हसायला लागली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, हे आईला कळवायला हवं. ती तर लोळेल हसून."

आत्माराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पुऱ्यांचा डबा उघडून मुलांना वाढायला लागलो.

परतताना बसमध्ये वहिनी भोंडल्याची गाणी म्हणत होत्या. दिनू बापाच्या खांद्यावर झोपला होता. त्या रात्रीही आत्मारामला सांगवलं नाही.

सोमवारी संध्याकाळी त्यानं सांगितलं. सोबतीला मला नेलं होतं. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी तार दोनदा वाचली, मग बोटांवर मोजलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवसांचं, आणि ते आदल्या दिवशीच संपलं होतं. आता नुसती अंघोळ करायची राहिली होती.

घरमालकीण न्हाणीघर फक्त शनिवारी उघडून द्यायची. वहिनी कुणाला विचारायला गेल्या नाहीत. तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत उतरल्या आणि नेसत्या साडीनिशी गार पाण्याच्या बादल्या अंगावर घेतल्या. उल्का टॉवेल घेऊन दाराशी उभी होती. आई असं का करते म्हणून ती जर्मनमध्ये विचारत होती.

वहिनी बाहेर आल्यावर मला गप्प बसवेना. "वहिनी, आम्हाला वाटलं, तुम्हाला एक दिवस आनंदाचा..."

"भाऊजी, मला मिरजेला जाता येणार नव्हतं, हे मला कळत नाही का?" त्या थरथरत होत्या, पण आवाज चढला नाही. "इथंच एका कोपऱ्यात बसले असते. आईचे म्हणून मला तीनच दिवस होते. त्यातला एकही तुम्ही मला दिला नाहीत. ती तिकडे गेली आणि मी इकडे गाणी म्हणत होते."

मग त्या पायरीवर बसून रडल्या. उल्कानं त्यांच्या खांद्यांवर टॉवेल टाकला आणि त्यांना बिलगून बसली. आत्माराम आणि मी वरच्या पायरीवर खाली मान घालून उभे होतो. जवळ जायचं तोंड आम्हाला उरलं नव्हतं.