सत्तावन्न नंबरापर्यंत

किस्से एकट्या माणसाकडे जास्त साठतात. चारचौघांत राहणाऱ्याचे सांगून संपतात. आमचे खिशातच राहतात. परवा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला दारातच एक सांगायला घेतला. निम्मा ऐकून तो म्हणाला, "पावणं, सही करा आधी."

सही केली. किस्सा राहिला.

म्हणून आज लिहूनच काढतो. हे सगळे कोल्हापुरातल्या एका सरकारी मराठी शाळेतले, नव्वद सालानंतरचे. आमची स्टाफरूम म्हणजे दोन टेबलं आणि एक माठ. तिथे मी, मुल्लासर आणि शिपाई दत्तूमामा असे तिघे कायमचे. बाकीचे बदलीवर यायचे-जायचे. मी चौथीला शिकवायचो. नोकरी सांभाळून पीएच.डी. केली होती, विषय 'वर्गातील समान संधी'. कॉलेजच्या मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला घाम फुटला आणि मी चौथीतच राहिलो. शाळेत सगळे मला 'डॉक्टर' म्हणायचे. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

*

पहिला किस्सा बाकांचा. हुशार मुलं पुढे आणि बाकीची मागे, ही पद्धत मी मोडून काढली. दर सोमवारी रांगा बदलायच्या, म्हणजे प्रत्येकाला पुढचं बाक मिळेल. तिसऱ्या सोमवारी एका मुलाची आई आली.

"सर, माझ्या पोराला असं फिरवत का ठेवलाय?"

मी तिला पुढच्या बाकाचे फायदे सांगितले, मागच्या बाकाचे तोटे सांगितले, माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण जवळजवळ पूर्ण सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"त्येचा बा एसटीत कंडक्टर हाय," ती म्हणाली. "घरात एक फिरतोय त्येवढा बास की."

मुल्लासरांना हा किस्सा तीन वर्षं पुरला. सोमवार आला की विचारायचे, "डॉक्टर, आज गाडी कुठली लागलीय?"

*

दुसरा हसण्याचा नाही. सांगावा की नाही, इथपासूनच शंका आहे.

जूनमधले प्रवेश चालू होते. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. ते स्वतः आमच्याच शाळेचे विद्यार्थी. मला वाटलं, यांचा वेळ वाचवू. मी जुनं रजिस्टर काढलं, त्यांच्या नावापुढचा जातीचा रकाना पाहिला आणि मुलीच्या फॉर्मवर तसाच उतरवला.

त्यांनी फॉर्म वाचला. "हे कुठनं आणलंसा सर?"

"जुन्या रजिस्टरात आहे तेच लिहिलंय."

"ते आमच्या आज्ज्याला लोकांनी चिकटवल्यालं. माझ्या वडलांनी धम्म घेतला तवाच सोडलं. रजिस्टरानं अजून धरून ठेवलंय व्हय?"

मी तो फॉर्म फाडला. नवा घेतला, त्यांनी सांगितलं तसं 'बौद्ध' लिहिलं. माफी मागायची होती. मी खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

*

एका वर्षी गडहिंग्लजला शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझं भाषण ठेवलं. विषय अर्थातच समान संधी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून मला बोलायला बोलावलं होतं. मी बावीस पानं लिहून नेली. अठराव्या पानावर असताना मागच्या रांगेतला एक हात वर झाला. मला आनंद झाला. म्हटलं, विचारा.

"सर, चंदगडची गाडी साडेपाचला हाय. तुमास्नी बोलायची संधी मिळाली, आता आमास्नी जायाची द्या की."

उरलेली चार पानं मी परतीच्या एसटीत मनातल्या मनात वाचली.

*

त्या दिवशी माझा वर्ग मुल्लासरांनी सांभाळला होता. दुसऱ्या दिवशी डबा उघडतानाच ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या सत्तावन्न नंबराला वाचायला येतंय, तुमास्नी म्हाईत हाय?"

इथे माझी पद्धत सांगायला हवी. मराठीच्या तासाला मी हजेरीच्या क्रमाने धडा वाचून घ्यायचो. एक नंबरापासून सुरुवात, प्रत्येकी एक परिच्छेद. आपण कुणाला निवडायचं नाही, म्हणजे पक्षपात नाही. ही युक्ती माझी स्वतःची. भाषणात तिच्यावर दोन पानं होती. पंचविसाव्या नंबराच्या आसपास घंटा व्हायची. दुसऱ्या दिवशी नवा धडा, म्हणून पुन्हा एक नंबरापासून.

आणि हजेरीत आधी मुलगे, मग मुली, आणि वर्षाच्या मध्ये आलेलं नाव सगळ्यांच्या खाली.

सगळ्यांच्या खाली होती महादेवी. घरी कानडी बोलणारी. दिवाळीनंतर बाप सीमेपलीकडून गुऱ्हाळावर कामाला आला, तेव्हा तिला आमच्याकडे घातलं. गुळाच्या काहिलीखालच्या चुलवाणाला जळण घालणं हे त्याचं काम. मुल्लासरांनी तिला सहज वाचायला सांगितलं, तर ती उभी राहून म्हणाली, "आमचा नंबर अजून आला न्हाई री सर."

"म्हटलं, मी सांगतोय, वाच," मुल्लासर म्हणाले. "तर म्हणती, आमचा नंबर आल्यावर वाचतो. रोज धडा तयार करून येती, डॉक्टर. बाप रोज रात्री इचारतोय म्हणं, आज वाचलीस काय. त्येला सोताला अक्षर येत न्हाई."

मी भाकरी खाली ठेवली.

"गडहिंग्लजपतुर गेलासा," ते म्हणाले, "सत्तावन्नापतुर कवा जाणार?" आणि त्यांच्या डब्यातला निम्मा खिमा-पाव माझ्या झाकणात ठेवला. ते असं करायचे. आता मुल्लासर नाहीत. माझा डबा मी एकट्यापुरताच करतो, तरी त्यातलं थोडं उरतंच.

*

शेवटचा किस्सा त्याच आठवड्यातला. गुऱ्हाळ बंद झालं होतं, महादेवीचं बिऱ्हाड शनिवारी पहाटे निघणार होतं. हातात शुक्रवारचा शेवटचा तास उरला.

मी वर्गात गेलो आणि म्हटलं, "आज खालून सुरुवात. महादेवी, वाच."

ती उभी राहिली. पुस्तक उघडलं नाही. "वरचे छप्पन राहिलेत री सर."

"आज तुझ्यापासून."

"मग आमचा नंबर आला असं कसं म्हणायचं? अप्पाला काय सांगू?"

मी तिला प्रबंधातली समान संधी समजावायला घेतली. पाच-सात मिनिटं त्यातच गेली. शेवटी म्हटलं, बरं, एकपासून, प्रत्येकी दोनच वाक्यं. मुलांनी वाचायला घेतलं. कुणी अडखळलं, कुणाला पान सापडेना, एकाला शिंक आली. मी घड्याळ बघत होतो. तिसाव्या नंबराला दहा मिनिटं उरली. पस्तिसाव्याला सात. पंचेचाळिसाव्या नंबरावर शाळा सुटायची वेळ झाली.

घंटा झाली नाही.

गेटवर रिक्षावाले हॉर्न वाजवू लागले. शेजारच्या वर्गात दप्तरं भरून मुलं उभी राहिली. मी दारातून पाहिलं. व्हरांड्यात घंटा म्हणून टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याखाली दत्तूमामा स्टुलावर बसले होते. हातोडा मांडीवर. शेजारी जमिनीवर महादेवीचा बाप, दाखला न्यायला आलेला.

पंचावन्न. छप्पन्न.

महादेवीने दोन वाक्यं वाचली. मग तिसरं वाचलं, चौथं वाचलं, धडा संपेपर्यंत वाचत गेली. तिला कुणी थांबवलं नाही. पुस्तक मिटून ती खाली बसली, आणि घंटा झाली.

सोमवारी हेडमास्तरांनी दत्तूमामांना लेखी खुलासा मागितला: शाळा सतरा मिनिटं उशिरा का सुटली? दत्तूमामा कागद घेऊन माझ्याकडे आले. "ल्हिवा डॉक्टर."

मी म्हटलं, "मामा, चूक माझी होती. तसं लिहितो."

"तुमी फकस्त ल्हिवा. सांगतो मी."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, त्यांनी खाली सही केली:

"वर्ग सत्तावन्नाचा हाय. सत्तावन्न झाल्यावर घंटा दिली."