मिरचीला मज्जाव

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आमच्या कुंभकोणमच्या घरी तिरुनागेश्वरमचे एक आचारी आले. नाव मी विचारलंच नाही. आल्याआल्या त्यांनी वडिलांची लाडकी दहीमिरचीची बरणी, आत विंचू असावा तशी हात लांब करून, परसात नेऊन ठेवली.

“परदेशी जिन्नस. पितरांना मिरेच.”

मी इतिहासाचा मास्तर, गप्प कसा बसणार? “मिरची मेक्सिकोकडची खरी, मामा. पण तिथले माया लोकसुद्धा देवाच्या उपासाला मीठ-मिरची सोडायचे.”

त्यांची पळी थांबली. “सोवळं पाळायचे म्हणा की! मग माणसं चांगली. मिरचीच वाईट.”

दुपारी परसातल्या भिंतीवर घास ठेवला, पण कावळा काही शिवेना. आई कावरीबावरी झाली. “मिरचीशिवाय ते कधी जेवलेत का?” ती पुटपुटली.

आचारी परसाच्या कोपऱ्याकडे गेले. मग बरणीतली एक मिरची काढून त्यांनी घासावर ठेवली आणि मला बजावलं, “ही तुमच्या त्या माया लोकांसाठी हं!”

कावळा आला, आणि आधी मिरचीच उचलून उडाला. आई पदरानं डोळे टिपू लागली.

आचारी हात धूत म्हणाले, “बघा, किती लांबून आले बिचारे!”