बॅटरीवरची रवी

लग्न होऊन मी डोंबिवलीत आले, तेव्हा आमच्या घरात वीज नव्हती. ह्यांची नोकरी ठाण्याला, मोटारी दुरुस्त करायच्या गॅरेजात. एका रविवारी हे लॉरीची जुनी बॅटरी, भंगारातली डी.सी. मोटर आणि करंट दाखवणारं काट्याचं मीटर घेऊन आले. फळीवर सगळं ठोकलं, पट्टा चढवला आणि सासूबाईंची रवी त्याला जोडली.

"आई, आता तुझे हात दुखायचे नाहीत."

"दुखतात म्हणून तुला सांगितलं कोणी?"

पण यंत्र चाललं. दही पातळ असलं की रवी गरगर फिरे आणि काटा खाली राही. दही दाट झालं की रवी अडे, मोटर मंदावे आणि काटा वर चढे.

हे समजावू लागले, "भार वाढला की ही हळू फिरते आणि करंट जास्त ओढते. भार उतरला की वेग वाढतो, करंट कमी होतो. फक्त रिकामी चालवायची नाही. अजिबात भार नसला तर बेफाम सुटते."

"तुझ्यासारखीच," सासूबाई म्हणाल्या.

पुढे नणंदेचे सासरे कल्याणहून जेवायला आले. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, पिळदार मिशा. ह्यांनी हौसेने यंत्र सुरू केलं. व्याही खुर्ची ओढून अगदी जवळ बसले.

"वा! म्हणजे विहीणबाईंना आता काम उरलं नाही. नुसतं बसून खायचं!"

सासूबाई गोड हसल्या. पदर खोचून पुढे झाल्या.

"लोणी आलं का बघते हं." एका हाताने भांडं धरून दुसऱ्या हाताने त्यांनी त्याच्याखालचा पाट सर्रकन काढून घेतला. भांडं खाली गेलं. रवी वर अधांतरी राहिली.

"आई, नको!" हे ओरडले.

मोटर किंचाळली. रवी दिसेनाशी झाली आणि ताक मात्र सगळीकडे दिसू लागलं. भिंतीवर, छताला, माझ्या नव्या लुगड्यावर आणि मुख्य म्हणजे कोटावर. ह्यांनी झडप घालून वायर उपटली.

मी तोंडात पदर कोंबला. आता सोयरीक मोडते की काय, असं वाटलं.

व्याह्यांनी मिशीवरचं ताक पुसलं. "इतकी पळाली म्हणजे करंट फार गेला असेल!"

"नाही हो, उलट कमी गेला."

"काहीतरीच! पुन्हा लावा."

भांडं पाटावर चढवून पुन्हा लावली. काटा वर. तरी त्यांचा विश्वास बसेना. मग कोट काढून ते स्वतःच मांडी घालून बसले. दह्यात पाणी ओत, साय घाल, काटा बघ. बॅटरी पार बसली तेव्हा कुठे उठले.

लोणी अजून यायचंच होतं. सासूबाईंनी रवी सोडवली, तिला दोरी गुंडाळली आणि दोरीची दोन्ही टोकं व्याह्यांच्या हातात दिली.

"ओढा. दोन्ही हातांनी."

आणि ते निमूटपणे ओढू लागले.