उठ म्हणणारे विधाते सर

विधाते सरांसमोर तोंड उघडल्याशिवाय कोणालाही मॅटवर पाय ठेवता येत नसे. "आ कर," म्हणायचे आणि बैलबाजारात बघतात तसे प्रत्येकाचे दात बघायचे. गमशील्ड, म्हणजे दातांवर चढवायचं रबरी कवच, नीट बसलंय का हे बोटानं दाबून पाहिल्यावरच पाठीवर थाप पडायची. नाशिक रोडच्या एका समाजमंदिरात त्यांचा कराटेचा क्लास चाले. सकाळी अंबडला कंपनीत पहिली पाळी, घरची फुलशेती आणि संध्याकाळी आम्ही तीस-पस्तीस पोरं. मी तिथे गेले ती शेजारच्या मुलीला सोबत म्हणून. ती आठवड्यात पळाली, मी बारा वर्षं राहिले.

नवं गमशील्ड गरम पाण्यात मऊ करून चावायचं असतं, म्हणजे ते ज्याच्या त्याच्या जबड्याला बसतं. सर हा कार्यक्रम व्हरांड्यात, स्टोव्हवर, चहाच्याच पातेल्यात उरकत. नंतरच्या चहाला रबराचा वास यायचा. कोणी नाक मुरडलं की म्हणत, "पी गप. दात पडले म्हंजी चहा गार करून प्यावा लागंल." पालकांना मात्र हे सगळं थोतांड वाटे. त्यांना पोरांच्या अंगात पांढरा ड्रेस हवा असायचा, कारण फोटोत तोच दिसतो.

त्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धांत हातात पातळ ग्लोव्ह्ज आणि तोंडात गमशील्ड एवढंच संरक्षण. डोक्याला काही नाही. चेहऱ्यावर ठोसा न्यायचा, पण जेमतेम टेकवून थांबवायचा. जोरात लागला तर मारणाऱ्याला ताकीद आणि समोरचा उठूच शकला नाही तर मारणारा बाद, पडलेला विजयी. नियम चांगला होता, पण आपली माणसं त्याहून हुशार. बाजूच्या खुर्चीवरून कोच ओरडायचे, "पड! पडून राहा!" आणि धडधाकट पोरं गालाला नुसता वारा लागला तरी आडवी व्हायची.

सरांना याची भयंकर चीड. "मार खाल्ला तर उभ्यानं खायचा. पडून मिळालेलं मेडल माझ्यासमोर आनू नका," असं ते आम्हाला बजावत. पंच म्हणून उभे असले की नाटक करणाऱ्याकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणत, "उठ!" पोरगं टुणकन उठायचं आणि सगळा हॉल हसायचा. मीही पोट धरून हसले आहे.

सुनंदा सुरगाण्याची. वसतिगृहात राहून बारावी करत होती. तिच्या घरचे भात काढून झालं की जीपमध्ये दाटीवाटीनं बसून इकडे द्राक्षबागांत कामाला यायचे. तिला पोलीस व्हायचं होतं. राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात असलं तर भरतीत खेळाडू म्हणून धरतील, हे सरांनीच तिच्या डोक्यात भरवलेलं. पहाटे सर मोपेडवर पुढे आणि ही मागे धावतेय, हे दृश्य आमच्या कॉलनीला रोजचं झालं होतं.

जिल्ह्याच्या अंतिम लढतीत जिंकेल ती राज्याला जाणार होती. पंच मोजकेच, त्यामुळे आपल्याच विद्यार्थिनीच्या लढतीत सर मुख्य पंच असण्यात कोणाला वावगं वाटलं नाही. उलट स्वतःच्या पोरांशी सर दुप्पट कडक वागत, म्हणून समोरची मंडळी खूशच होती. मी कोपऱ्यातली पंच होते, नवीकोरी. दुसऱ्या मिनिटाला समोरच्या मुलीचा ठोसा सुनंदाच्या डाव्या कानाखाली बसला आणि सुनंदा खाली गेली. सर होते त्या मुलीच्या पाठीमागे, ठोसा त्यांना दिसलाच नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आम्हा कोपऱ्यातल्या पंचांच्या हातात दोन झेंडे असत. ते डोळ्यांसमोर आडवेतिडवे धरले की अर्थ, मला दिसलं नाही. मला दिसलं होतं. चांगलं लख्ख दिसलं होतं. पण सरांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची चीड आधीच उमटली होती आणि भर हॉलमध्ये त्यांना खोटं पाडायची माझी छाती झाली नाही. मी झेंडे डोळ्यांसमोर धरले.

"उठ!" सर म्हणाले.

सुनंदा उठली. पहिल्याच शब्दाला उठली. नाटक केलं म्हणून सरांनी तिला दंड दिला, त्या गुणानं ती हरली आणि वाकून नमस्कार करताना थोडी कलंडली. रिक्षात तिला उलट्या सुरू झाल्या. सरांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते सारखं विचारत होते, "सांगायचं ना बाई, लागलं म्हनून?" ती म्हणाली, "सर, तुम्हीच उठ म्हनले ना."

डाव्या कानानं तिला पुन्हा ऐकू आलं नाही. सरांनी तीन डॉक्टर केले. चौथ्याकडे तीच यायला नाही म्हणाली. पुढच्या भरतीत ती धावण्यात पहिली आली आणि वैद्यकीय तपासणीत बाद झाली. त्या दिवशी सर मैदानाच्या फाटकाबाहेर दुपारपर्यंत उभे होते. अर्ज कोणाकडे करायचा, हे ते ज्याला त्याला विचारत होते. अर्जात लिहिणार काय होते, कोण जाणे.

जिल्हा कराटे संघटनेच्या बैठकीत त्यांनी डोक्याला हेल्मेट सक्तीचं करा म्हणून हट्ट धरला. "सर, नियम वरून येतात," अध्यक्ष म्हणाले. "आन् मार कुठून येतो?" सरांनी विचारलं. चहा आला आणि विषय बदलला. नंतर सर पंच म्हणून उभे राहिले की जरा हात लागला तरी लढत थांबवत, डॉक्टरांना बोलवत. एकेक लढत संपता संपत नसे. लोक म्हणत, हे कराटे आहे की भातुकली? हळूहळू त्यांना बोलावणंच बंद झालं. पुढे काही वर्षांनी लहान गटांत हेल्मेट आलं. ती बातमी मी त्यांना धावत जाऊन सांगितली. "बरं झालं," म्हणाले आणि झेंडूच्या वाफ्याला पाणी देत राहिले.

झेंड्यांबद्दल मी त्यांना कधीच बोलले नाही. आता सर नाहीत, त्यामुळे तो प्रश्न मिटला असं मी स्वतःला सांगते. मिटलेला नाही.

सर जायच्या आदल्या वर्षी सुनंदा आली, आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. मी तिथेच होते. "सर, हिला तुमच्याच हाताखाली घालायची," ती म्हणाली. सर नको नको म्हणाले, पोहायला घाल म्हणाले. सुनंदा हलेना. ती रागावली असती तर सरांना सोपं गेलं असतं. शेवटी त्यांनी सतरंजी अंथरली.

"बाळ, पहिला धडा," ते पोरीला म्हणाले. "तू आडवी पड. तुला लय लागलंय. मी उठ म्हनंन. तू उठायचं नाय. कायबी झालं तरी नाय. कळलं?"

पोरीनं मान हलवली आणि आडवी झाली.

"उठ!" सर म्हणाले.

पोरगी टुणकन उठली.

सरांनी पुन्हा समजावलं, पुन्हा आडवी केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फुटला, तरीही ती उठली आणि शाबासकीसाठी त्यांच्याकडे बघू लागली. सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती.

"अवो सर," ती म्हणाली, "तुम्ही सांगितल्यावर कोन उठनार नाय?"

सर मटकन सतरंजीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.